नळीमागच्या रेघा

"बाई, ती खुर्ची रक्त देणाऱ्यांची हाय... उठता का जरा?"

आनंदराजचं मला उद्देशून पहिलं वाक्य हे! नांदेडच्या रक्तपेढीत माझी धाकटी बहीण रेणुका हिच्यासाठी मी हट्टाने ती खुर्ची अडवून बसले होते. वरच्या वॉर्डात ती सिकलसेलच्या कळांनी तळमळत होती, आणि मी त्याच आजाराची वाहक म्हणून रक्तपेढीवाले माझं रक्त घेत नव्हते. रागाने वर बघितलं, तर हा उंच माणूस बाही दुमडत गालातल्या गालात हसत होता. विष्णुपुरीच्या धरणावर इंजिनिअर. ओळख ना पाळख, रक्त हवं असल्याचा मेसेज वाचून रेणुकासाठीच आला होता.

रेणुका घरी आली, आणि आमचे फोन सुरू झाले... मी लातूरला क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते. रविवार आला की त्याची एसटी लातुरात हजर. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "आधी रक्त तपासून घे. तूही वाहक निघालास तर... नाही म्हणजे नाही."

आणि तो गायबच झाला. फोन उचलेना. पळाला, असंच मी धरून चालले. घास गिळवेना. शेवटी चिडून मीच विष्णुपुरी गाठली.

"घाबरलास, असं तोंडावर सांग की!"

"घाबरलो न्हाई..." त्याचा चेहरा पार उतरलेला. "पण आपलं जुळून न्हाई राहिलं, बुद्धप्रिया. तुझा ग्रुप बी पॉझिटिव्ह, तपासलं तर माझाबी तोच. चुलते म्हणले, एकच ग्रुप असला की लेकरं धड होत न्हाईत. कोणत्या तोंडानं सांगू तुला?"

हसू की रडू, कळेना.

"रक्तगट तपासून आलास? अरे, गट एक असला तर काही बिघडत नाही! इंजिनिअर ना तू?"

"दहावीनंतर बायो सोडलं की मी..."

"मग ऐक. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. चारच अक्षरं, पण सगळं शरीर त्यात लिहिलेलं. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द. ते वाचून पेशी प्रथिनं बांधते. मजकुराच्या प्रती दोन — एक आईकडून, एक वडिलांकडून. हिमोग्लोबिनच्या माझ्या एका प्रतीत एकच अक्षर बदललंय. दुसरी चांगली, म्हणून मी धडधाकट. रेणुकाच्या दोन्ही प्रती तशा."

"म्हंजे माझीबी एक तशी असली तर..."

"दर बाळाला चारात एक शक्यता. रेणुकासारखी. तिच्या कळा मी बघितल्यात, आनंद. मला नाही झेपायचं."

तो उठलाच. "चल. आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत तपासणाऱ्या बाईंनी त्याचं रक्त नळीतल्या औषधात टाकलं आणि नळी रेघांच्या कागदापुढे उभी केली. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर तो वाहक नाही. गढूळ झालं तर...

पाच मिनिटं थांबायचं होतं. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, गारठलेली.

"गढूळ झालं तर जातीस?"

"जाईन." मी नळीकडेच बघत होते. "पण दुसरा कुणी नाही करणार मी. जीव जडलाय तुझ्यावर... कळलं?"

त्याने हात तेवढा घट्ट धरला.

"बघा आता," बाई म्हणाल्या.

मी बघितलं. रेघा नव्हत्या. सगळं धूसर...

"नाही दिसत, आनंद... एकही नाही दिसत..."

"मला तर समद्या साफ दिसून राहिल्या." त्याने खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "येडे, आधी डोळे पूस."