सहा सेकंदांची शहाणी मुलगी

दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता नांदगिरीच्या वाचनालयात मेलेली माणसं श्वास घ्यायची, आणि ते बघायला जिवंत माणसं साडेपाचपासून खुर्च्या अडवून बसायची. पहिल्या महिन्यात दोन बायका ढसाढसा रडल्या, एका निवृत्त तलाठ्यांना घेरी आली. दुसऱ्या महिन्यापासून लोक येताना भाजलेल्या शेंगा घेऊन येऊ लागले. नांदगिरीला कुठल्याही गोष्टीची सवय फार लवकर होते.

सन २०३९चा हिवाळा होता. वाचनालयाच्या कपाटात दस्तगीर शिकलगार नावाच्या जुन्या फोटोग्राफरच्या चारशे बारा काचा जपून ठेवलेल्या होत्या. काच म्हणजे फिल्म येण्याआधीची निगेटिव्ह. काचेच्या तुकड्यावर चांदीच्या क्षाराचा लेप. ग्रंथपाल नीलकंठ मुळीक गेली सात वर्षं त्यांतला एकेक फोटो दर आठवड्याला गावाच्या ग्रुपवर टाकत आले होते. एकच वर्तमानपत्र तिघांनी धरून वाचणारे वाचक, गदा खांद्यावर घेतलेला पण चष्मा काढायला विसरलेला पैलवान, मालकापेक्षा ऐटीत उभा राहिलेला टांग्याचा घोडा. प्रत्येक फोटोखाली मुळीक स्वतः दोन ओळी लिहीत. लोक फोटोपेक्षा त्या ओळींनाच जास्त दाद देतात, अशी त्यांची समजूत होती आणि ती अगदीच खोटी नव्हती.

मग दस्तगीर यांची पणती, डॉ. शबनम शिकलगार, एक यंत्र घेऊन आली आणि तिने ग्रंथपालांचं टेबलच बळकावलं.

"फोटो म्हणजे एक क्षण, असं आपण म्हणतो," तिने पहिल्याच दिवशी मुळीकांना सांगितलं होतं. "पण या काचांवर क्षण नाहीच, सर. महायुद्धात फिल्म मिळेना, तेव्हा पणजोबांनी माळ्यावरच्या जुन्या, मंद काचा काढल्या. लेन्सचं झाकण काढायचं, सहापर्यंत मोजायचं, झाकण लावायचं. म्हणजे इथे प्रत्येक काचेवर सहा सेकंद आहेत."

"असतील. पण सगळे एकमेकांवर पडलेले."

"साईसारखे. दुधावर थरावर थर धरतात, आपल्याला वरून एकच साय दिसते. चांदीच्या प्रत्येक कणात आधी आलेला प्रकाश आत बसतो, नंतर आलेला त्याच्या बाहेरून. माझं यंत्र कणाकणाचे थर मोजतं आणि एकेक वेगळा करून ओळीने मांडतं."

"म्हणजे फोटो हलायला लागतो?"

"हलत होतं तेवढंच हलतं. मी मोजते सर, बनवत नाही."

फोटोसाठी ताठ उभी राहिलेली माणसं सहा सेकंदांत हलणार ती किती? पापणी लवते, नजर सरकते, आणि मुख्य म्हणजे छाती वरखाली होते. सहा सेकंदांत मोठं माणूस दीड-दोन श्वास घेतं, लहान मूल अडीच-तीन. म्हणून गावाने या हलत्या फोटोंना नाव दिलं श्वासपट.

या सगळ्या काचांमध्ये गावाची लाडकी काच एकच होती, एकशे सत्त्याऐंशी नंबरची. डिसेंबर १९४४, तांबट कुटुंब. मागे भांड्यांच्या दुकानाचे मालक, त्यांचा भाऊ आणि म्हातारी आई उभी. पुढे खुर्चीत जरीच्या परकरातली सव्वादोन वर्षांची मुलगी, मांडीवर पितळेची भातुकली, आणि नजर खाली त्या इवल्याशा घागरीवर. शेजारी बसलेली तिची आई कॅमेऱ्याकडे न बघता मुलीकडेच बघते आहे. सगळे किंचित धूसर आलेत, आईचा हात तर पारच पुसला गेलाय, मुलगी मात्र पापण्यांचे केस मोजावेत इतकी स्पष्ट. मुळीकांनी खाली लिहिलं होतं, "सहा सेकंद मोठी माणसं हलली, ही शहाणी मुलगी मात्र तसूभरही हलली नाही!" हा फोटो गावाबाहेर गेला, परदेशात गेला, कुणीतरी तो कपावर छापला.

आणि ही शहाणी मुलगी अजून हयात होती. तांबट आळीत राहणाऱ्या सुगंधाबाई, कागदोपत्री वय सत्त्याण्णव. शिकलगारांच्या काचांवरचं जिवंत माणूस उरलं होतं ते हे एकच. वाचनालयाला दीडशे वर्षं पूर्ण होत होती आणि त्या शुक्रवारी सुगंधाबाईंना पुढच्या खुर्चीत बसवून त्यांचाच श्वासपट दाखवायचा, असं ठरलं.

त्याआधी त्या एकदा काठी टेकत वाचनालयात आल्या. बरोबर आणलेली पितळेची इवलीशी घागर त्यांनी मुळीकांच्या टेबलावर ठेवली. फोटोतलीच ती.

"मुळीक, मला माझा श्वास नको दावू. तो मी रोज घेती," त्या म्हणाल्या. "मला आईची नजर बघायचीय. ती हलती का, एवढंच."

"म्हणजे, आजी?"

"आईनं माझ्याकडं कधी बघितलंच न्हाई रे. वाढायची, वेणी घालायची, पण नजर आपली माझ्या डोक्यावरनं पलीकडं. मी सातवीत असताना गेली. सांभाळलं ते आजीनं. तिला लई लळा माझा, धोंडी म्हणायची मला. कागदावर जल्म श्रावणातला, पण ती म्हणायची तू चैत्रातली. शाळंत सगळ्यात बुटकी मी. दातसुद्धा सगळ्यांच्या मागनं पडले." त्या हसल्या. मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "आजीनंच दावला हा फोटो. ही बघ तू, म्हणली. आईनं माझ्याकडं बघितलं याला पुरावा हाच. दुसरा न्हाई."

मुळीक नुसते मान हलवत राहिले. या बोलण्यात एक गोष्ट अशी होती, की साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्याही बाईच्या कानाला ती चटकन खटकली असती. मुळीकांनी ती ऐकली आणि सोडून दिली.

बुधवारी दुपारी शबनमने एकशे सत्त्याऐंशी नंबरची काच यंत्रात घातली. तासाभराने तिने मुळीकांना बोलावलं. ती नेहमीसारखं "या, बघा" म्हणाली नाही.

पडद्यावर झाकण उघडलं. तांबट मालकांची छाती भरून आली आणि रिकामी झाली. म्हातारीने आवंढा गिळला. आईचा हात पदराआड स्वतःच्या पोटावर होता. तो तिसऱ्या सेकंदाला तिथून उठला, मुलीच्या तोंडाकडे गेला आणि नाकापुढे थांबला. झाकण लागलं.

"नाक पुसायला गेली," मुळीक म्हणाले.

"मुलीकडे बघा."

मुळीकांनी बघितलं. तीनदा, चारदा बघितलं. शबनमने फक्त मुलीची छाती मोठी करून लावली. जरीचा काठ जिथे होता तिथेच राहिला.

"यंत्र चुकत असेल."

"मागच्या माणसाच्या मिशीचा केस हललेला दिसतोय, सर. तिच्या मानेमागे बघा, मान धरून ठेवायला काळी सळई आहे. पणजोबांच्या दुसऱ्या कुठल्याच काचेत ती नाही. आणि लहान मुलांच्या प्रत्येक काचेच्या पाकिटावर ते लिहायचे, मूल हलले. याच्यावर काहीच लिहिलं नाही. घरात फोटो नसताना मूल गेलं, तर तेव्हा असा काढून घेत. आठवण म्हणून."

मुळीकांना स्वतःच्या दोन ओळी आठवल्या. सगळ्या जगाने ज्या मुलीला शहाणी म्हटलं होतं, ती मेलेली होती म्हणून हलली नव्हती. आणि आता त्यांना धोंडी आठवलं. पहिलं मूल गेलं की पाठीवर आलेल्याचं नाव धोंडी, दगडू असं ठेवायची जुनी रीत होती. दगडाला कोण हात लावणार, म्हणून. पहिल्या, एकुलत्या एका मुलीला कुणीही धोंडी म्हणत नाही. सुगंधाबाई त्या फोटोनंतरच्या चैत्रात, १९४५ साली जन्मल्या होत्या. त्यांना मेलेल्या बहिणीचं नाव दिलं होतं, तिची जन्मतारीख दिली होती, आणि शेवटी तिचा फोटोही दिला होता.

"शुक्रवारी दुसरी काच लावू," शबनम म्हणाली.

"नाही चालणार. त्या वाट बघतायत." मुळीकांनी पुन्हा पडद्यावरच्या मुलीकडे बघितलं. "तुम्हाला तिच्यात श्वास घालता येईल?"

"मी मोजते, सर. बनवत नाही."

"त्या म्हातारीजवळ एकच पुरावा आहे हो! तो आपण काढून घ्यायचा? कशासाठी, चांदीच्या कणांसाठी?"

शबनमला राग आला. शेवटी तिने दोनशे तीन नंबरची काच काढली. तीत टोपी घातलेला एक लहान मुलगा धापा टाकत उभा होता. त्याची छाती तिने मोजली, लय थोडी उतरवली आणि मुलीच्या जरीच्या काठाखाली नेऊन बसवली. अर्ध्या मिनिटाचं काम. काठ हळूच उचलला, खाली आला, पुन्हा उचलला. दोघांनाही ते बघवेना.

शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सुगंधाबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. भिंतीवर झाकण उघडलं, मुलगी श्वास घेऊ लागली, आणि सगळी खोली "अगं बाई!" म्हणून विरघळली. आईचा हात मुलीच्या नाकाकडे गेला तेव्हा हशा पिकला. "शेंबूड पुसतीय बघा!" कुणीतरी ओरडलं, टाळ्या पडल्या. सहा सेकंद संपले, पुन्हा सुरू झाले. पुन्हा. पुन्हा.

सुगंधाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपलं बोट उचललं आणि भिंतीवरच्या आईसारखं स्वतःच्या नाकापुढे आडवं धरलं. तसंच धरून त्या शेवटपर्यंत बसल्या.

लोक गेल्यावर त्यांनी दोघांना जवळ बोलावलं.

"नाक पुसाया बोटं अशी जात न्हाईत," त्या म्हणाल्या. "आमचे मालक गेले तवा मीच असं बोट धरलं होतं. वारा लागतो का बघाया." मग शबनमकडे वळून, "पोरी, खरं सांग. तो श्वास तिचा हाय?"

शबनमने मान खाली घातली. "नाही, आजी. दुसऱ्या एका मुलाचा आहे."

"काढ तो. कुणाचा कुणाला लावू नये."

शबनमने खरा श्वासपट लावला. वाचनालयात आता तिघंच होते. भिंतीवर चार माणसं श्वास घेत होती आणि एक घेत नव्हतं. सुगंधाबाईंचे ओठ हलत होते. त्या बोटांवर महिने मोजत होत्या. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र.

"म्हंजी मी बी हाय त्यात," त्या हळूच म्हणाल्या. "आईच्या पोटात. तो हात हाय बघा, तो आधी माझ्यावर हाय."

"हो आजी!" मुळीक घाईने म्हणाले. त्यांना एकदम हायसं वाटलं. "तुम्ही आहातच की त्या फोटोत!"

"मग तो उठला. तिकडं गेला." सहा सेकंद पुन्हा संपले. "परत आला न्हाई, मुळीक. पुढंबी कधी आला न्हाई."

मुळीकांनी त्याच रात्री गावाच्या ग्रुपवरच्या आपल्या दोन ओळी काढून टाकल्या, पण त्या केव्हाच हजारो लोकांकडे गेल्या होत्या. शुक्रवारी लोकांनी फोनवर टिपलेला खोट्या श्वासाचा श्वासपटही गेला होता. अजूनही कुठेतरी, कुणाच्या तरी हातात, तांबटांची पहिली सुगंधा दुसऱ्याचा श्वास घेते आहे आणि लोक तिला गोड म्हणताहेत. तो परत घेता येत नाही.

सुगंधाबाई आता रोज दुपारी तीन वाजता येतात. मुळीक त्यांच्यासाठी आतल्या खोलीत खरा श्वासपट लावतात. त्या भिंतीसमोर लाकडी खुर्ची ओढून बसतात, मांडीवर पितळेची घागर ठेवतात आणि नजर तिच्यावर खाली लावतात. पहिले काही दिवस मुळीकांना वाटलं, त्या डोळे मिटून देवाचं नाव घेत असतील. मग एकदा त्यांचं लक्ष गेलं, आणि ते चरकले.

"आजी, श्वास का रोखून धरता? या वयात असं करू नये."

"सहाच सेकंद रे," त्या म्हणाल्या. "जे हलत न्हाई, आई त्याच्याकडंच बघती. आणि शहाणी मुलगी हलत नसती, असं तूच लिवलंयस की."

भिंतीवर झाकण उघडतं. आईचा हात पोटावरून उठतो. खुर्चीतली म्हातारी स्थिर होते. झाकण लागतं, भिंत पांढरी होते. आणि दारात उभे असलेले मुळीक तिच्या पदराकडे बघत राहतात, तो हलेपर्यंत.