खालून कापलेली बातमी

प्रिंटरमधून आलेला कागद आपला नाही, हे तिच्या लक्षात येईतो तिने लाल पेनने निम्मा मजकूर उडवलाही होता.

"अहो, निदान माझ्या माघारी तरी कापा!"

कागदाचा मालक मागेच उभा होता. पावसात निथळत आणि हसत. दोघंही पत्रकारितेच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला. त्या दिवसापासून ती त्याची 'कात्री' झाली आणि तो तिचा 'पाल्हाळ'.

विभागाचं चार पानी साप्ताहिक विद्यार्थीच काढत. तो बातम्या आणायचा, ती संपादन करायची. "महत्त्वाचं ते आधी," सर बजावायचे. "जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. शेपूट गेलं तरी जीव राहिला पाहिजे." पाल्हाळच्या बातमीचा जीव मात्र नेमका शेपटात असायचा.

संध्याकाळी दोघं कॉलेजसमोरच्या थांब्यावर उभे राहत. पाच चाळीसची बस यायची... आणि निघून जायची.

"गर्दी होती," ती म्हणायची.

"हो ना. ड्रायव्हर धरून चार माणसं!"

मग दोघंही रस्त्याकडे बघत बसायचे, पुढची बस उशिरा यावी म्हणून.

तिसऱ्या वर्षी त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. घर दूरच्या शहरात, दुकान बंद पडलेलं.

"काका म्हणतात, कॉलेजातून नाव काढ. सर म्हणतात, सहा महिने रजा घे, मग परत ये."

"आणि तू?"

"मी... शुक्रवारचा अंक बघून ठरवणार."

"अंकात काय तुझं भविष्य छापून येणार आहे?"

"आपला बसथांबा हलवणार आहेत, त्याची बातमी दिलीय. शेवटपर्यंत वाच हं, कात्री."

"तुझं शेवटपर्यंत वाचायचं तर आयुष्य पुरायचं नाही रे!" ती हसली खरी, पण त्याच्याकडे न बघता.

गुरुवारी दुपारी ती बातमी पानावरच्या जागेपेक्षा सहा ओळींनी वाढली. "ताई, आवरा, छपाईवाला खाली खोळंबलाय," पान लावणारे दादा म्हणाले. तो जाणार, या विचाराने तिचे डोळे भरून आले होते, अक्षरं एकमेकांत मिसळत होती. तिने शेवटच्या परिच्छेदावर सरळ एक लाल रेघ ओढली.

शुक्रवारी त्याने उभ्या उभ्याच अंक वाचला. हळूच घडी घातली.

"छान बसवलीस बातमी," म्हणाला. मग ऑफिसात जाऊन नाव काढण्याचा अर्ज देऊन आला. घरच्या अडचणीत त्याला आपण कसं अडवायचं, म्हणून ती गप्प राहिली. रोज देवापाशी मात्र त्याच्यासाठी हात जोडत राहिली.

वर्ष संपताना जुन्या प्रती फायलीत लावायच्या होत्या. त्याच्या बातमीचा तो कागद हाती आला. लाल रेघेखालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं...

'हा थांबा हलवू नये, अशी एका प्रवाशाची विनंती आहे. एका मुलीसाठी तो अडीच वर्षं पाच चाळीसची बस सोडतो आहे. हे छापून आलं, तर तो रजा संपवून इथेच परतेल. कापलं गेलं, तर तेच तिचं उत्तर समजेल.'

तिने लगेच त्याला फोन लावला.

"मी वाचलंच नव्हतं रे... न वाचताच कापलं."



"कात्री... गेल्या महिन्यात लग्न ठरलं माझं. बाबांनी किती दिवसांनी हात उचलला, तोही होणाऱ्या सुनेच्या डोक्यावर ठेवायला." त्याचा आवाज भरून आला. "आता त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "सुखात राहा."

शेवटच्या अंकाच्या पानावर सरांना एक चौकट दिसली. 'दुरुस्ती' असा मथळा आणि खाली तो अख्खा परिच्छेद. 'संपादनात चुकून गळला. संपादिका दिलगीर आहे.'

सरांनी चष्मा काढला. "पोरी, याचा आता कोणाला उपयोग?"

"कोणालाच नाही, सर. पण चूक माझी होती, ती छापूनच आली पाहिजे."

त्या संध्याकाळी थांब्याचा खांब उपटून नेलेला होता. नुसता खड्डा उरला होता. पाच चाळीसची बस तिच्यासमोर सवयीने थांबली. ती पहिल्यांदाच त्या बसमध्ये चढली. बसायला कितीतरी जागा होती.