आतल्या खोलीत गेलेली वायर

भीती वाटली का, असं तुम्ही विचारता म्हणून सांगते. वाटली. पण आधी नाही, शेवटी.

दोन हजार सातची गोष्ट. नोकरीसाठी मी पुण्याहून हैदराबादला आले होते आणि विद्यानगरात हिम्मतरावकाकांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. रविवारच्या संध्याकाळी काकांनी जिन्यातून हाक मारली.

“श्रुती बेटा, जरा खाली येतीस का? नेट लई परेशान करायलंय.”

काकांची मुलगी ज्योती शिकागोला राहायची. त्या दिवशी तिच्या लेकीचं बारसं होतं. नाव काकांनीच निवडलं होतं आणि कॅमेऱ्यासमोर बसून ते पहिल्यांदा उच्चारणारही तेच होते. तिकडे सकाळ झाली होती. सजवलेला पाळणा, जमलेल्या बायका, सगळं आम्हाला स्वच्छ दिसत होतं. काका मात्र तिकडे दिसत नव्हते. त्यांचं चित्र अडकायचं, आवाज तुटायचा.

“तिकडून येणारं ठीक आहे काका,” मी स्पीड तपासून म्हटलं. “इथून जाणारं अडतंय.”

मागे चालू असलेलं सगळं मी बंद केलं. वायर बदलून पाहिली, मोडेम बंद करून पुन्हा लावला. फरक पडेना. शेवटी कॉम्प्युटरची वायरच मोडेममधून उपसली. आता सगळं शांत व्हायला हवं होतं.

झालं नाही. शेजारच्या दुसऱ्या वायरीचा हिरवा दिवा लुकलुकतच राहिला. भराभर, न थांबता. या घरातून कुणीतरी काहीतरी बाहेर पाठवत होतं.

“ही कुठं जाते काका?”

“त्रिवेणीच्या खोलीत.” त्रिवेणी म्हणजे काकू; त्या आदल्या वर्षीच वारल्या होत्या. “आजारपणात तिला पडल्या पडल्या ज्योतीशी बोलता यावं म्हणून टाकली होती. लॅपटॉप तर कवाच भाच्याला दिऊन टाकला. खोली बंदच हाय.”

भिंतीच्या कडेनं जाणाऱ्या वायरीमागे मी गेले आणि कडी काढली. आत अंधार होता. कोंदट वास येईल असं वाटलं होतं, पण आला तो ओव्याच्या धुरीचा. ऊबदार, आत्ताच कुणी निखाऱ्यावर चिमूट टाकावी तसा. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात आमचं घर असंच घमघमत असायचं. खरं सांगू? तिथं घटकाभर बसावंसं वाटलं.

वायरीचं टोक उघड्या खाटेवर पडलं होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं. आणि खाट करकरत होती... हळू, ठेक्यात.

मी दार ओढून घेतलं. बाहेर येऊन काकांना काहीच न सांगता ती दुसरी वायर मोडेममधून काढली. दिवा विझला. कॉम्प्युटर जोडल्याबरोबर जाणारा वेग भरभर चढला.

“दिसायलो का गं आता?” काका कॅमेऱ्यात वाकून म्हणाले.

ज्योतीनं मान हलवली, पण तिचा चेहरा पडला होता. पडद्यावर ती इकडेतिकडे शोधत होती.

“बाबा... आई कुठं गेली?”

काका माझ्याकडे वळले.

“चित्र अडकायचं ना, तेव्हा ती तुमच्या शेजारी दिसायची. रोज. मी मुद्दाम बोलले नाही. वाटलं, बोललं तर जाईल...”

काकांनी शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाले, “लाव बेटा ती वायर परत.”

“पण मग तुम्ही तिला नीट...”

“मी नाही दिसलो तरी चालतंय.”

मी वायर खोचली. दिवा लुकलुकू लागला. तिकडे चित्र अडकलं असावं, कारण ज्योती एकदम हसली आणि हसता हसता रडली. काकांनी खुर्ची बाजूला घेतली, शेजारी आणखी एक माणूस मावेल इतकी. मग घसा साफ करून नाव उच्चारलं, “गौतमी.” तुटक तुटक का होईना, ते पोचलं. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. काकांना इतकं तृप्त मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही आतली करकर विसरायला झालं.

पाळणा संपला तशी ज्योती पडद्याजवळ सरकली.

“आई खूश दिसतेय बाबा. पण...”

“पण काय गं?”

“तिच्या मांडीवर बाळ कुणाचं आहे?”

शिकागोत गौतमी पाळण्यात झोपली होती. आम्हाला ती दिसत होती.

काकांनी आपली खुर्ची आणखी थोडी बाजूला सरकवली.