जागची न हललेली फाईल

मागचं दार लावून घ्या आणि बसा. ही गावगप्प नव्हे. हर्षद माझ्या भाच्याचा दोस्त, रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्याच तोंडून ऐकलेली.

साल २०१९. त्रिपुरी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, गुरुवारी, तो मालगुंडला दमयंतीकाकूंकडे गेला. काकू एकट्या. मुलगा सुजय बोटीवर कामाला होता. आठ वर्षांपूर्वी भर समुद्रात डेकवरून पडला. देह मिळाला नाही. मागे राहिला त्याचा जुना कॉम्प्युटर. त्यावरचे त्याचे फोटो काकू रोज बघायच्या. आता एकेक फोटो उघडायला पाच-पाच मिनिटं लागत होती.

हर्षदनं पाहिलं, तर डिस्क गच्च भरलेली. फायली मात्र दिसत होत्या चारदोनच.

"काही फायली लपवलेल्या असतात, काकू. त्या दिसतील असं करतो."

दिसल्या. जुने सिनेमे, गेम, आणि 'आई' नावाचं एक पत्र. हर्षदनं ते उघडलं. काकू पाठीशीच उभ्या आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

'आई, या खेपेला मला जायचं नाही. बोटीवर भीती वाटते. तुला तोंडावर सांगवत नाही, म्हणून...'

पत्र तिथंच तुटलं होतं.

काकू मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "जायच्या आधी दोन दिवस गप्प गप्प होता रे. अशी नोकरी पुन्हा मिळायची नाही म्हणून मीच दटावलं. बॅगही मीच भरली."

हर्षदनं सिनेमे काढून टाकले, पत्र ठेवलं, आणि डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे जुळवायचं काम लावलं. ते रात्रभर चालणार होतं. शेवटची एसटीही गेलेली.

"पडवीत झोप," काकू म्हणाल्या. त्याला वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत.

दोन वाजून वीस मिनिटांनी त्याला जाग आली. डिस्कची करकर थांबली होती.

आतून काकूंचा आवाज.

"एकदा बोलायचंस तरी रे..."

मग शांतता.

"हो... हो... पण मी आई ना तुझी?"

पुन्हा शांतता. लांबलचक.

तो दाराशी आला. अंधार. स्क्रीन उजळलेला. समोर काकू. तोंड शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"काकू..."

त्यांनी हात वर केला. थांब.

"...पाणी फार गार होतं का रे?"

हर्षदनं कान दिला. काहीच नाही. समुद्राची गाजसुद्धा नाही. किनाऱ्यालगतचं घर, आणि गाज नाही...

पडवीत येऊन तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. उजाडेपर्यंत.

सकाळी काकूंनी चहा दिला. डोळे सुजलेले, चेहरा निवांत.

निघताना त्यानं काम पुरं झालं का ते पाहिलं. सगळे तुकडे जुळले होते. फक्त एक फाईल जागची हलली नव्हती. लपवलेली. आवाजाची. त्याच रात्रीची, दोन वीसची. अकरा मिनिटांची.

त्या कॉम्प्युटरला माईक नव्हता. कधीच नव्हता.

हर्षदनं ती उतरवून घेतली. मला ऐकवली. त्यात काकूंचे प्रश्न आहेत. मधे मधे नुसती शांतता. आणि शेवटाकडे, अशाच एका शांततेनंतर... काकू हसतात. रडता रडता, पोराच्या एखाद्या चावट बोलण्यावर आई हसते ना... तशा.