वगळलेले प्रकरण

पंचगंगेच्या काठावरच्या सर्वविषय प्रबंधालयात अकरा लाख चाळीस हजार प्रबंध होते, आणि त्यांतले बहुतेक लिहिणाऱ्यांच्या आयांनीसुद्धा वाचलेले नव्हते. खानदेशातल्या कावळ्यांची भांडणे, मोडी पत्रांतल्या शाईचे फिकटणे, ढोलकीतली चुकार मात्रा, पुराच्या गाळातले शेवाळ, हाडांच्या भेगा, पुलांच्या भेगा. ज्याला जे सुचले त्याने त्यावर पाच-सहा वर्षे घालवली आणि पदवी घेऊन घर गाठले. प्रबंधालयाचे अध्यक्ष, बहात्तर वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. त्र्यंबक उपळेकर, या संग्रहाला ज्ञानाचा महासागर म्हणत. त्यांची तरुण सहकारी, संगणकतज्ज्ञ डॉ. तहसीन शिकलगार, त्याला एकमेकांशी अबोला धरलेल्या शहाण्यांची चाळ म्हणे. तिचेच खरे होते.

हा अबोला मोडायला तहसीनने सारवेधक नावाचे यंत्र घडवले होते. २०७४ सालच्या त्या मंगळवारी सकाळी त्याच यंत्रासमोर उपळेकर उभे होते. चंद्रावरच्या सोमनिवास वसाहतीचे पाणी बंद पडत चालले होते. तिथे चौदा माणसे होती, आणि वसाहतीची बाग सांभाळणारी मैथिली ही उपळेकरांची एकुलती एक मुलगी.

पडद्यावर मोहिमेचे मुख्य अभियंता अजिंक्य तोरणे बोलत होते.

"तिथली धूळ पाण्यात उतरली आहे, सर. शुद्ध झालेलं गरम पाणी निवायच्या नळ्यांतून जातं, आणि निवताना त्यात सुईसारखे स्फटिक धरतात. नळ्या करंगळीपेक्षा बारीक आहेत. निम्म्या तुंबल्या. सतरा दिवसांचं पाणी उरलंय आणि मदतीचं यान पोचायला एकेचाळीस दिवस लागतील."

"स्फटिकरोधक द्रव्य नव्हतं का नेलेलं?"

"नेलं होतं. या धुळीपुढे त्याचं काही चालत नाही. आता जे काही करायचं ते तिथं असलेल्या वस्तूंतूनच करायला हवं."

तहसीनने प्रश्न यंत्रात घातला. सारवेधकाची रीत साधी होती. प्रबंधातली सगळी नावे तो काढून टाकी. कावळा नाही, ढोलकी नाही, पूल नाही. उरे तो फक्त संबंधांचा सांगाडा: एक गोष्ट वाढते, दुसरी तिला अडवते, तिसरी निवली की पहिलीचा वेग बदलतो. मग तोच सांगाडा दुसऱ्या कुठल्या विषयात आहे का, ते तो पाही. मागच्याच वर्षी मुंग्यांच्या वाटांवरचा एक जुना प्रबंध शोधून त्याने एका इस्पितळातली रांग निम्म्यावर आणली होती. ज्यांनी मुंग्या मोजल्या त्या बाई तेव्हा पेढे घेऊन आल्या होत्या.

दोन दिवसांत एकोणतीस सांगाडे जुळले. विमानांच्या पंखांवरचा बर्फ, मूतखडा, मधाचे दाणे, चिनी मातीची झिलई. उपाय सगळ्यांत होते, पण प्रत्येक उपायाला लागणारे द्रव्य पृथ्वीवर होते. इथेच घोडे अडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तहसीनने डबा तसाच बाजूला सारला. "सर, आपण प्रश्न चुकीच्या बाजूनं विचारतोय. स्फटिक नकोत म्हणून धडपडणारी माणसं आपण शोधली. ज्याला स्फटिक हवे होते आणि काही केल्या मिळाले नाहीत, असा माणूस शोधायला हवा. सांगाडा तोच, चिन्ह उलटं. त्याचं अपयश हाच आपला उपाय."

"मग शोध की."

"कुठे शोधू? ज्याचा प्रयोग फसला त्याला पदवी मिळत नाही, आणि ज्याला पदवी नाही त्याचा प्रबंध यंत्राला द्यायचा नाही, असा नियम आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

तो नियम उपळेकरांनीच केला होता. कचरा घालून ज्ञान वाढत नाही, असे ते त्या सभेत टेबलावर हात आपटून म्हणाले होते, आणि टाळ्याही मिळाल्या होत्या.

तरीही नशीब असे की प्रबंधालयाची एक जुनी रीत होती: शिवून बांधलेली वही रद्दीत द्यायची नाही. त्यामुळे नापास झालेले सहा हजारांवर प्रबंध लाल फडक्यांत गुंडाळून तळघरात पडले होते. उपळेकरांनी स्वतः किल्ली आणली. त्या संध्याकाळपासून कारकुनांपासून माळ्यापर्यंत सगळे गाठोडी सोडून पाने यंत्राला दाखवायला बसले. धुळीने शिंकून सगळ्यांची नाके लाल झाली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला सारवेधकाने एकच नाव दिले. राजमती मगदूम, सन २०४३. विषय: भेंडीच्या चिकाने काचेसारखा चमकणारा रवाळ, म्हणजे स्फटिक धरलेला, गूळ बनवण्याचे प्रयोग.

"भेंडी!" तहसीन ओरडली. "सर, वर बागेत भेंडी आहे! मैथिलीताई दर आठवड्याला तक्रार करते की भेंडी खाऊन सगळे वैतागलेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून ती नाचायचीच बाकी राहिली. उपळेकर मात्र पहिल्या पानाकडे बघत होते. तिथे लाल शाईत, त्यांच्याच त्या टोकदार अक्षरात शेरा होता: 'सहा वर्षांत एकही रवा धरला नाही. प्रबंध अमान्य. त्र्यं. उ.'

त्यांना ती मुलगी आठवली. कागलकडची, काळीसावळी, तोंडावर उत्तर देणारी.

प्रबंधात चिकाचे प्रमाण होते. तो कसा काढला आणि कधी घातला, यासाठी मात्र जागोजागी एवढेच लिहिले होते: रीत प्रकरण पाचमध्ये पाहा. आणि प्रकरण चारनंतर थेट सहा येत होते. मध्ये एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तीही त्याच अक्षरातली: 'प्रकरण पाच वगळावे. या गुऱ्हाळातल्या गप्पा आहेत.' म्हणजे आधी त्यांनी ते प्रकरण काढायला लावले होते, आणि मग निष्पत्ती नाही म्हणून उरलेलेही नाकारले होते.

वेळ नव्हता. तोरण्यांनी अंदाजाने करून पाहायला सांगितले. मैथिलीने भेंडीच्या शेंगा ठेचल्या आणि चीक उकळत्या टाकीत ओतला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: स्फटिक जसेच्या तसे. आणखी दोन नळ्या बंद.

"बाबा, काळजी करू नका," असेही ती म्हणाली. हे वाक्य ती लहानपणी परीक्षेचा पेपर अवघड गेला की म्हणत असे.

उपळेकर तडक कागलच्या वाटेला लागले. तहसीनने गाडी चालवली. काय तोंडाने जायचे, हाच विचार वाटभर उपळेकरांच्या डोक्यात होता.

राजमती मगदूम आता अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि स्वतःचे गुऱ्हाळ चालवत होत्या. चुलवाण धडधडत होते, काहिलीतल्या रसाला फेस आला होता. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहुण्यांकडे पाहिले आणि ओळखले.

"उपळेकर सर न्हवं? या, बसा. रस घ्या आधी. एकतीस वर्सांनी आलासा, मोकळ्या तोंडानं कसं पाठवू?"

उपळेकरांनी पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. त्यांनी सगळे सांगितले. स्फटिक, भेंडी, शेरा, चिठ्ठी. आणि शेवटी मुलीचे नाव. "मी चुकलो, राजमतीबाई. तुमचं ते प्रकरण मला हवं आहे. मागायचा हक्क नाही, तरी मागतो."

राजमतीबाईंनी काहिलीवरचा फेस बाजूला सारला. "तुमी काय म्हणाला हुता, आठवतंय? चुका प्रबंधात लिहायच्या नसतात म्हणाला. लई रडले हुते मी त्या दिवशी."

"आठवतंय."

"माझं पाचवं प्रकरणच चुकीपास्नं सुरू हुतं." त्यांनी पदराला हात पुसले. "आमच्यात भेंडीचा चीक उकळीत घालत्यात, मळी वर यावी म्हणून. समदे तसंच करत्यात. एकदा मी घालायचंच इसरले. काहील उतरली, रस वाफ्यात, त्या निवायच्या हौदात, निवत पडला, तवा आठवलं. मग तसाच कोमट रसात ओतला. गूळ असा चमकला म्हणता, आरशावानी! पर रवा काय धरंना. सहा वर्सं झटले, रवा धरलाच न्हाई."

"म्हणजे उकळीत नाही घालायचा?" तहसीनने घाईने विचारले.

"उकळीत चीक मरतो, पोरी. निवत्या पाण्यात घालायचा. आणि शेंगंचा न्हवं, खोडाच्या सालीचा. रातभर गार पाण्यात भिजवायची साल, हातानं तार सुटंस्तवर चोळायची. तो चीक दाण्याच्या अंगाला असा चिकटतो, की दाण्याला दाणा लागत न्हाई."

"खोडं तर तिथं खतात टाकतात!" तहसीन म्हणाली आणि बाहेर पळत जाऊन तिने तिथूनच तोरण्यांना फोन लावला.

राजमतीबाई घरात गेल्या आणि ट्रंकेतून पिवळी पडलेली बेचाळीस पाने घेऊन आल्या. "तुमी वगळलंसा, मी न्हाई वगळलं," त्या म्हणाल्या. "पोरगी सुखरूप येऊ दे. मला पदवी-बिदवी नको आता. फकस्त ही पानं जाग्याला परत शिवून द्या."

उपळेकरांनी ती पाने दोन्ही हातांनी घेतली. मग बहात्तर वर्षांच्या त्या माणसाने वाकून नमस्कार केला. राजमतीबाई एवढ्या गोंधळल्या की रस उतू जायला आला तरी त्यांचे लक्ष नव्हते.

पुढच्या आठवड्यात प्रबंधालयाच्या सभागृहात मौखिक परीक्षा भरली. पदवी नको म्हणणाऱ्या राजमतीबाई नव्या इरकली साडीत पुढच्या रांगेत बसल्या होत्या. भोवती सारे गाव होते, आणि कारकुनांपासून माळ्यापर्यंत शिंकून लाल झालेली सगळी नाकेही हजर होती. तहसीनने दरम्यान तळघरातले उरलेले प्रबंधही उलट्या चिन्हाने तपासले होते आणि पाच दिवसांत आणखी अकरा सांगाडे जुळवले होते. न फुगलेल्या पावाच्या प्रयोगातून न भेगाळणारी वीट निघत होती. न वाजणाऱ्या बासरीतून शांत पंखा निघत होता. अपयशी म्हणून घरी बसलेल्या अकरा माणसांना त्याच सकाळी पत्रे गेली होती. नियमाच्या कागदावर उपळेकरांनी स्वतः काट मारली होती.

पडद्यावर सोमनिवासातली चौदाही माणसे दाटीवाटीने उभी होती. आजचे परीक्षक म्हणजे हीच माणसे. मैथिलीच्या हातात पाण्याचा पेला होता.

"प्रबंधाची निष्पत्ती काय, ते परीक्षकांनी सांगावं," उपळेकर उभे राहून म्हणाले. त्यांच्या हातात तो प्रबंध होता, पाचव्या प्रकरणासकट नव्याने शिवलेला.

निरोप जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागत.

"प्रबंधाची तपासणी झाली, बाबा," मैथिली हसत म्हणाली. "सगळ्या नळ्या वाहत्या आहेत. सहा दिवसांत एकही स्फटिक धरला नाही." आणि तिने पेला एका दमात रिकामा केला.

उपळेकरांनी लाल शाईचे पेन उघडले. पहिल्या पानावर 'प्रबंध अमान्य' होते, ते त्यांनी खोडले आणि खाली लिहिले: 'प्रबंध मान्य, सन्मानपूर्वक.' मग त्यांचे पेन वरच्या ओळीवर आले.

"ऱ्हाऊ दे, सर," राजमतीबाई पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या. "वरचं वाक्य खोडू नगा. खरं हाय ते."

उपळेकर थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि ती एकतीस वर्षांपूर्वीची ओळ, एक अक्षरही न बदलता, सगळ्यांना वाचून दाखवली: "सहा वर्षांत एकही रवा धरला नाही."

टाळ्या आधी सभागृहात पडल्या. चंद्रावरच्या अडीच सेकंदांनी पोचल्या, आणि मग बराच वेळ थांबल्या नाहीत.