दोनच रकाने

या देशात कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरायचं तरी ओळखपत्र खिशात लागतं. शर्टाचं बटण तुटलेलं चालतं, दोन पायांत दोन वेगळ्या चपला चालतात, पण कार्ड नसलं तर माणूस कुठलाच नाही. माझ्या खोलीतला मामा ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवतो आणि आंघोळीला जातानाही काढत नाही. मामा नात्याने कोणाचाच मामा नाही. धंद्याने वायरमन, वयाने माझ्याहून बराच मोठा. इकडे येताना एजंटाने त्याला असा काही मामा बनवला, की तेच नाव चिकटलं.

मी एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. तिथे बाटल्यांची झाकणं बनतात. आलेला माल, गेलेला माल आणि शिल्लक माल एकमेकांशी जुळवायचा, हे माझं काम. अशा कामात नजर बिघडते. माणूस समोर आला तरी आधी तो जमेच्या बाजूचा की खर्चाच्या, हे मनात लागून जातं. मामा मला म्हणतो, तुझ्या लग्नात अक्षतासुद्धा तोलून वाटशील.

तर असा मोजूनमापून चालणारा मी, पण अर्ज भरताना फसलो. नाव लिहायचं ते शाळेत शिकवलं तसं लिहिलं : आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं. इथल्या संगणकाला नावासाठी रकाने दोनच. त्याने पहिला शब्द उचलला, शेवटचा उचलला आणि मधला सोडून दिला. मधला म्हणजे मी. कार्ड हातात आलं तेव्हा फोटो माझा आणि नाव बाबांचं.

मामा पोट धरून हसला. "चला, बापाचं नाव काढलंस एकदाचं."

एजंट म्हणाला, राहू द्या, तुमच्याकडच्या निम्म्या लोकांचं असंच होतं. ते खरं होतं. आमच्या पाळीत तीन-चार जण बापाच्या नावाने राबत होते आणि मजेत होते. मीही सोडून दिलं.

फाटकापासून कॅन्टीनपर्यंत सगळे मला बाबांच्या नावाने हाक मारू लागले. सुरुवातीला कसंसंच व्हायचं. आमच्या घरात ते नाव मोठ्याने कोणी घेत नसे. ते दारावरच्या पाटीवर असायचं आणि विजेच्या बिलावर. आता एक मिसरूडही न फुटलेला फोरमन ते नाव यंत्रांच्या खडखडाटावरून ओरडायचा, "कुठे मेलास?" असं पुढे जोडून. मी मान खाली घालायचो. पण पोटासाठी आलेल्या माणसाने हाकेशी भांडून कसं चालेल? ओ द्यायला शिकलो.

इतका शिकलो, की एका संध्याकाळी मी ओट्यापाशी कांदा चिरत असताना मामाने माझ्या खऱ्या नावाने हाक मारली आणि मी चिरत राहिलो. ऐकू आलं होतं. कोणालातरी बोलावतोय, एवढंच वाटलं.

"बहिरा झालास काय रे?"

"मला म्हणालास?"

"नाही, भिंतीला."

दोघंही हसलो. हे मी साध्या सवयीच्या खात्यात टाकलं.

मग एकदा कामावरून येऊन बूट काढताना मामा म्हणाला, "दारात उभं राहून खाकरतोस कशाला? घरात काय सुना-बाळी आहेत?" मी खाकरलो होतो हे मला ठाऊकच नव्हतं. खोल, दोन टप्प्यांत. तसं खाकरून घरात येणारा माणूस मला माहीत होता. तो सूतगिरणीतून फिटर म्हणून निवृत्त होऊन घरी पेपर वाचत बसलेला होता.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला.

बाबांच्या पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, म्हणजे सरकारदरबारी माणूस जिवंत. या वर्षी अंगठा लागेना.

"वय झालं की रेषा पुसतात म्हणे," आई म्हणाली. "हात धुवून आणला, खोबरेल लावलं. ती मुलगी बिचारी म्हणतेय, आजोबा पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा. यंत्र आपलं लालच."

"मग?"

"मग आतल्या साहेबांनी नावाने हाक मारली. हे ढिम्म. मी कोपराने ढोसतेय, आता मी काय नाव घेऊन ओरडू? तर ह्यांनी त्या साहेबाला काय सांगावं?" आई हसायला गेली, पण हसू पुरतं आलं नाही. "म्हणाले, तो इथे नसतो. परदेशात असतो, नोकरीला."

"थट्टा केली असेल."

"ह्यांनी? आयुष्यात?"

बँकेने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. तोवर अंगठा लागला नाही, तर बाबा कागदावर गेले. आई हे वाक्य बोलली नाही. मी मनातल्या मनात पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना फाटकातल्या यंत्रावर मी अंगठा ठेवला. खोक्याच्या पट्टीने आदल्या दिवशी कापल्यामुळे त्याला जाड चिकटपट्टी गुंडाळली होती, ती काढायचं विसरलो. दिवा हिरवा झाला. मी पट्टीकडे बघितलं, पहारेकऱ्याकडे बघितलं. त्याने बाबांच्या नावाने मला सुप्रभात म्हटलं.

यंत्रं चुकतात. स्टोअरमध्ये माझा वजनकाटाही चुकतो. पण चुकणारा काटा एकाच बाजूला, एकाच मापाने चुकायला लागला, की आम्ही त्याला चूक म्हणत नाही.

सुटीच्या दिवशी मामा टेबल आवरत होता. माझं कार्ड उचलून त्याने दिव्याखाली धरलं.

"वडिलांचं कार्ड तुझ्याकडे कसं रे?"

"माझंच आहे."

"नाव सोड, मी फोटोचं म्हणतोय." तो हसला. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे. हसू तसंच राहिलं, पण आतून कोणी उठून गेल्यासारखं. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं आणि ओट्यावर जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली.

मी फोटो बघितला. माझाच होता. माझाच वाटत होता. मला तरी.

रस्त्यावर पोलीस कार्ड मागतात, तेव्हा एरवी दोन बोटांत धरून परत भिरकावल्यासारखं देतात. त्या सकाळी स्टेशनबाहेर मला अडवणारा शिपाई कोवळा होता. कार्ड वाचून त्याने ते दोन्ही हातांनी परत दिलं, माझं कोपर धरलं आणि पायरी उतरवून दिली. "सावकाश," म्हणाला. मी पस्तिशीही ओलांडलेली नाही.

तिथून मी कारखान्यात गेलोच नाही. नोंदणी कचेरी गाठली.

खिडकीमागची बाई चष्मा नाकावर घेऊन माझं सगळं ऐकून घेत होती. आडनाव, माझं नाव, वडिलांचं नाव. मी कागदावर लिहून दाखवलं. मधल्या शब्दावर तिने पेन्सिल टेकवली.

"हे कोण?"

"मी."

"आमच्याकडे नाहीत."

"तेच दुरुस्त करायचंय."

तिने काच सरकवून एक कागद पुढे केला. दुरुस्ती होते, म्हणाली, आजच होते. आधी जुनं नाव रद्द करावं लागेल. खाली सही करा.

मी वाचलं. वरील नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही, हे मी मान्य करतो. वर बाबांचं नाव होतं, ठळक.

"ही व्यक्ती आहे," मी म्हणालो. "माझे वडील आहेत."

"इथे?"

"गावी."

"मग आमच्या लेखी नाहीतच." तिने पेन ठेवलं. आवाजात दुष्टपणा नव्हता, माझ्यामागे रांग होती तेवढंच.

एकच नोंद दोन वह्यांत आली, तर एक खोडावी लागते. हे मी नव्या पोरांना शिकवतो. कुठली खोडायची, ते माल बघून ठरवा म्हणतो.

मी पेन उचललं. सहीची पहिली रेघ ओढायच्या आधी डोळ्यांसमोर ते लाल यंत्र आलं. त्याच्यावर टेकवलेला, खोबरेल लावलेला अंगठा.

पेन खाली ठेवलं.

"नको?" बाईने विचारलं.

"नको."

"मग आहे तेच कायम करते. पुन्हा बदलता येणार नाही."

मी मान हलवली. तिने शिक्का मारला. मी लिहून दाखवलेल्या कागदावरच्या मधल्या शब्दावर सरळ रेघ ओढली आणि तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला.

खोलीवर आलो तेव्हा मामा जेवायला बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला. "या," म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. गळ्यातलं पाकीट मुठीत घट्ट धरलं होतं.

"मामा, मी आहे."

"हो, हो. बसा ना."

मी फोन लावला. पहिल्याच घंटेला आईने उचलला. आवाजात कित्येक दिवसांत नव्हती तशी हुशारी होती.

"लागला अंगठा," ती म्हणाली. "आत्ताच बँकेतून आलो. ठेवला आणि लागला. सगळं सुरळीत झालं बघा."

मी खुर्चीत बसलो.

"बरं झालं, आई. तब्येत कशी आहे?"

"छान. घरी येईपर्यंत उड्या मारत होता नुसता. पायऱ्या दोन-दोन चढला."

"बाबांना दे ना जरा फोन," मी म्हणालो. माझा आवाज बराच मोठा झाला असावा. मामाने वळून बघितलं.

पलीकडून दार हलकेच लोटल्याचा आवाज आला.

"हळू बोला हो जरा," ती कुजबुजली. "पोरगं आत्ताच झोपलंय."

मी आवाज खाली आणला.