फिल्टरातलं पाणी

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं हे गाडीचं सगळ्यात सोपं काम. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. खालचा स्क्रू दोन आटे सैल करायचा, पाणी वाहू द्यायचं, डिझेल दिसलं की आवळायचा आणि वरचा हातपंप दाबून हवा काढायची. पाच मिनिटांचा खेळ. इंदापूरच्या एसटी डेपोत मी छत्तीस वर्षं मेकॅनिक होतो, हे काम मी गप्पा मारता मारता उरकायचो. निघणारं पाणी फार तर चमचाभर.

माझी गाडी बावीस वर्षांची आहे. रिटायर झाल्यावर घेतली, तीही हौसेनं नव्हे. माझ्या बायकोच्या, तुळसाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला बारामतीला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि परतताना तिच्यात एसटीत दांडीला धरून उभं राहण्याइतकं त्राण नसतं. आमच्या पळसदेवहून सकाळी सहाला निघायचं तर गाडी पहिल्याच सेल्फला लागली पाहिजे. म्हणून तिचा नट न् नट मी स्वतः आवळतो. गॅरेजवाल्यांवर माझा भरवसा नाही. त्यातले निम्मे माझ्याच हाताखाली शिकलेत, म्हणून तर नाहीच.

मार्चमध्ये भिगवणच्या पुढं गाडीनं आचके दिले. घरी येऊन स्क्रू सोडला तर पेलाभर पाणी आलं. डिझेल भरायचा पंप बदलला, तरी पाणी. टाकी उतरवून धुतली, उन्हात वाळवली, नवं झाकण बसवलं, आतला कागदी फिल्टर बदलला. तरी पाणी. टाकीच्या तळातलं डिझेल बाटलीत काढून दोन दिवस खिडकीत ठेवलं, त्यात पाण्याचा टिपूसही बसला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. माझ्या पोहऱ्यात रोज येत होतं.

राहता राहिला फिल्टरचा लोखंडी डबा. त्याला कुठंतरी बारीक चीर असणार, असं धरून मी पुण्याला मुलाला, सोमनाथला, फोन केला. एवढ्या जुन्या गाडीचा डबा इंदापुरात मिळत नव्हता. तिकडं बघ म्हणालो, तो बघतो म्हणाला.

त्याच आठवड्यात गुरुवारी निघायच्या आधी मी फिल्टरखाली काचेची स्वच्छ बरणी धरली. पाणी नितळ होतं, किंचित पिवळसर, डिझेलचा वास नाही. बरणी हाताला कोमट लागली. गाडी रात्रभर शेडमध्ये उभी होती, इंजिन थंडगार. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. आणि धार थांबेना. त्या डब्यात पाव लिटरही मावत नाही. बरणी दोन लिटरची होती, ती गळ्यापर्यंत भरली, मगच मागून डिझेल आलं.

बारामतीच्या सेंटरवर मेघना नावाची मुलगी मशीन लावायच्या आधी तुळसाचं वजन करते. किडनी चालत नसल्यानं प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. दोन खेपांमध्ये तिचं वजन अडीच-तीन किलोनं वाढतं, पाय सुजतात, आणि मशीन ते पाणी ओढून काढतं. त्या दिवशी वजन अर्धा किलोच वाढलेलं निघालं. मेघनानं काटा दोनदा तपासला आणि काकूंनी पाणी बंदच केलं का, असं मला विचारलं. गाडीत बसल्यावर तुळसानं कबूल केलं, उन्हानं जीव कासावीस होतो म्हणून ती रोज चोरून तांब्याभर पाणी पीत होती.

पुढच्या खेपेला तेच. त्यापुढच्याही. मी रोज सकाळी पाणी काढत होतो आणि तुळसा हलकी होत होती. पायाच्या बोटांत रुतून बसलेली जोडवी फिरायला लागली. गावालगतच्या धरणाच्या काठावर जाऊन कोळ्यांशी घासाघीस करून ती चिलापी मासे घेऊन आली, भाकऱ्या थापल्या, आणि मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावरच डाफरली. मला फार बरं वाटलं. तीन वर्षांत ती माझ्यावर डाफरली नव्हती.

मी भाबडा माणूस नाही. देवळात जातो ते तिच्या पिशव्या धरायला. डेपोत आम्ही शिकलो होतो, दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून मंगळवारी आणि बुधवारी मी स्क्रूला हात लावला नाही.

बुधवारी संध्याकाळी तिनं दुसरी उशी मागितली. गुरुवारी उजाडताना ती खाटेवर बसून होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि श्वासाला शिट्टी लागली होती.

मी शेडमध्ये पळालो. स्क्रू सोडला. बरणी भरली, मग बादली सरकवली. शेड आणि घराच्या मध्ये एकच भिंत आहे. धार बादलीत पडत होती आणि भिंतीपलीकडची शिट्टी बारीक होत होती. मग ती ऐकू येईना.

"अवो," आतून तुळसा म्हणाली, "च्या ठिवू का?"

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू. ते पाणी गटारात ओतवेना. बादली घेऊन धरणाच्या पाण्यापर्यंत चालत गेलो आणि काठाशी बसून हळूच सोडलं.

आयुष्यभर गळत्या शोधून बंद केल्या. ही एक राहू दे, असं ठरवलं. सोमनाथला नको म्हणून कळवायला हवं होतं. तीनदा फोन लावला. काय सांगायचं ते सुचेना, उसाची चौकशी झाली, उन्हाची झाली आणि फोन ठेवला.

मेमधल्या एका रविवारी मी इंजिन ऑइल आणायला एसटीनं इंदापूरला गेलो होतो. अकराच्या सुमाराला परत आलो तर सोमनाथ गाडीच्या बॉनेटखाली वाकलेला. कोपरापर्यंत काळा झालेला, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. दोन महिने हिंडून त्यानं नवा डबा मिळवला होता. मला न सांगता यायचं त्यानं मुद्दामच ठरवलं होतं.

"आबा, आता एक थेंब पानी यायचं न्हाय," तो म्हणाला.

मी जुना डबा कुठं आहे ते विचारलं.

"भंगारवाल्याचा टेम्पो आलता. दिला त्याला."

"कवा?"

"तास झाला आसंल."

मी पाना घेतला आणि नव्या डब्याचा स्क्रू सोडला. डिझेल आलं. मी वाहू दिलं. हातावरून, मनगटावरून, शेडच्या मातीत. नुसतं डिझेल. वायसर नीट, आटे नीट, कुठं ओल नाही. काम चोख होतं, मीच शिकवलेलं.

सोमनाथ हसला. आईला नव्या डब्यानिशी चक्कर मारून आणतो म्हणाला, ती कधीची तयार होऊन बसली होती.

तुळसा दारात आली होती. नवं पातळ नेसून उंबऱ्यावर बसली होती आणि एक पाय चपलेत घालायला बघत होती.

"सकाळी तर घातली हुती," ती म्हणाली. "आता पाय जाईना."

पट्टा आवळला असेल म्हणत सोमनाथ हात पुसून तिच्या पायाशी बसला. पट्टा सैलच होता.